मदत हवी आहे : लंबकाचा प्रयोग आणि माझी घाई

नमस्कार. मी पाचवी ते सातवीच्या मुलांना विज्ञान शिकवते. सध्या लंबक चाललाय. दोरा, वायसर, घड्याळ, एवढंच सामान. दोरा 25 सेंमी असेल तर जाऊन परत यायला साधारण 1 सेकंद लागतो, 1 मीटरला 2. एकच झोका मोजला की चूक फार होते, म्हणून 10 झोके मोजून भागायला सांगते.

"जड लंबक भरभर हलणार" असं बहुतेकांना वाटतं. पडताळायला एका गटाने वायसर एकाखाली एक बांधले, आणि वेळ चक्क वाढला! वजनामुळे नव्हे, लांबी वजनाच्या मध्यापर्यंत धरायची असते, ती नकळत वाढली होती. मी लगेच उत्तर सांगून टाकलं. दोरा हातात धरलेल्या मुलीचा चेहरा एकदम उतरला. ते मनाला लागून राहिलंय.

अशा वेळी मुलांना चूक स्वतःच सापडावी म्हणून तुम्ही नेमकं काय विचारता? किती वेळ थांबता? शिवाय सहाच्या गटात दोघंच काम करतात, बाकीचे बघत बसतात. तिघांचे गट केले तर एकटीने सगळीकडे कसं पुरायचं? वर्गात करून पाहिलेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.