बंदी घातल्यानंतर सायकलपटूची जबाबदारी कोणाची?

घाटवाट (धागालेखक):
5 जून 1999 च्या सकाळी मादोन्ना दि कांपिल्यो या इटालियन गावात मार्को पांतानी या इटालियन सायकलपटूचे रक्त तपासले गेले. 'जिरो' या इटलीतील मोठ्या सायकल शर्यतीत आघाडीवर असणाऱ्याची गुलाबी जर्सी त्याच्याकडे होती आणि शर्यतीचे अवघे दोन टप्पे उरले होते. हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातील लाल पेशींचे प्रमाण (ते फार वाढले की उत्तेजकांचा संशय येतो), 50 टक्क्यांच्या मर्यादेऐवजी 52 भरले आणि त्याला शर्यतीतून काढण्यात आले. कागदोपत्री ही उत्तेजकांबद्दलची शिक्षा नव्हती. खेळाडूच्या आरोग्याच्या रक्षणासाठी दिलेली 15 दिवसांची सक्तीची विश्रांती होती. 14 फेब्रुवारी 2004 रोजी रिमिनीतील हॉटेलच्या खोलीत, कोकेनच्या विषबाधेने, वयाच्या 34व्या वर्षी तो मृतावस्थेत सापडला. त्याच्या दोनच महिने आधी होसे मारिया हिमेनेस हा स्पेनचा घाटांवरचा निष्णात सायकलपटू माद्रिदच्या मनोरुग्णालयात हृदयविकाराने गेला होता. तो 32 वर्षांचा होता.

नियम मोडणाऱ्याला शिक्षा व्हावी, याबद्दल माझा वाद नाही. परंतु ज्या नियमाने आरोग्याचे नाव घेतले, त्याने रक्त मोजले आणि माणसाला वाऱ्यावर सोडले, हे मला मान्य होत नाही.

सह्यवारा:
आपली तळमळ समजते, पण कार्यकारणभाव पटत नाही. पांतानी 2000 साली 'टूर'मध्ये, म्हणजे 'टूर द फ्रान्स' शर्यतीत परतला, मों व्हाँतू या डोंगरावरचा टप्पा जिंकला आणि 2003 च्या 'जिरो'त चौदावा आला. म्हणजे खेळाची दारे त्याला बंद झालेली नव्हती. व्यसन हा आजार आहे आणि तो जवळच्या माणसांनाही दूर लोटायला लावतो. शिवाय त्या काळात उत्तेजके न घेता शर्यत पूर्ण करणाऱ्या, आणि म्हणूनच मागे पडून करार गमावणाऱ्या सायकलपटूंविषयी कोणी धागा काढत नाही, याचे मला वाईट वाटते. सगळा दोष व्यवस्थेवर टाकला, तर त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय होतो.

उंबरठा:
आपण दोघेही बंदीनंतरचे बोलत आहात. एकाकीपण त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. स्पेनच्या तेनेरिफे बेटावर तेइदे ज्वालामुखीच्या परिसरात, 2000 मीटरहून अधिक उंचीवर एक हॉटेल आहे. विरळ हवेतील सरावासाठी संघ तिथे आठवडेच्या आठवडे राहतात. दिवसभर चढण, मोजून ताटात पडलेले जेवण, वजनकाटा, मालिश आणि झोप. घर फक्त फोनवर. लुका पाओलिनी हा इटालियन सायकलपटू 2015 च्या 'टूर'मध्ये कोकेनमुळे पकडला गेला, तेव्हा पुढे त्याने झोपेच्या गोळ्यांच्या व्यसनाचीही कबुली दिली. अशा दिनक्रमात झोपेची गोळी कशी शिरते, हे समजायला फार कल्पनाशक्ती लागत नाही.

सह्यवारा:
मग टॉम दुमुलाँचे काय? 2017 चा 'जिरो' विजेता असलेला हा डच सायकलपटू जानेवारी 2021 मध्ये सराव शिबिर सोडून घरी गेला, संघाने त्याला जाऊ दिले आणि त्याच वर्षी त्याने टोकियो ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक टाइम ट्रायलचे (एकट्याने घड्याळाविरुद्ध चालवण्याच्या शर्यतीचे) रौप्यपदक मिळवले. बोलणाऱ्याचे ऐकले जाते, हे यातून दिसते.

घाटवाट:
दुमुलाँचे उदाहरण मोलाचे आहे, पण ती रजा बिनपगारी होती. 'जिरो'च्या विजेत्याला ती परवडते. करार डिसेंबरात संपणाऱ्या, दुसऱ्याच्या विजयासाठी वाऱ्याला तोंड देत पुढे चालवणाऱ्या साहाय्यक सायकलपटूला परवडत नाही. तो गप्प बसतो. म्हणून माझी मागणी नेमकी आहे: बंदी लागल्यावर किंवा करार संपल्यावर निदान एक वर्ष मानसोपचाराचा खर्च संघाच्या माथी असावा, आणि उपचार करणारा डॉक्टर संघाच्या पगारावर नसावा.

सह्यवारा:
दुसरी अट मला पूर्ण मान्य आहे. पहिलीबाबत अडचण अशी, की संघ जवळजवळ सर्वस्वी प्रायोजकांच्या पैशावर चालतात आणि प्रायोजक गेला की संघच उरत नाही. ज्याची बंदी संघापेक्षा अधिक काळ टिकली, त्याचे बिल मग कोण भरणार? हा भार शर्यतींचे आयोजक आणि आंतरराष्ट्रीय महासंघ यांच्यावर टाकणार असाल, तर मी आपल्या बाजूने आहे.