बंदुकीला विमानाचे नियम लावले तर? (तिघांची चर्चा)

एलेरॉन

अमेरिकेत एखाद्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाच्या शेपटीजवळचा 'एन'ने सुरू होणारा नंबर एफएएच्या (तिथल्या विमानवाहतूक नियामकाच्या) नोंदवहीत टाका. बनावटीचं वर्ष, सीरियल नंबर आणि (मालकानं झाकून ठेवायला सांगितलं नसेल तर) त्याचं नाव मिनिटभरात समोर येतं.

त्याच देशात गुन्ह्यात सापडलेल्या पिस्तुलाचा माग काढायचा तर वेस्ट व्हर्जिनियातल्या मार्टिन्सबर्गच्या एटीएफ (बंदुकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेच्या) केंद्रातून फोनाफोनी सुरू होते. कारखान्यानं कुठल्या घाऊक व्यापाऱ्याला दिलं, त्यानं कुठल्या दुकानाला, मग दुकानदार कपाटातून ४४७३ नंबरचा, गिऱ्हाइकानं खरेदीवेळी भरलेला फॉर्म काढणार. बंद पडलेल्या दुकानांचे कागद खोक्यांतून येतात, त्यांची छायाचित्रं काढली जातात, पण नावावरून शोध घेता येत नाही. १९८६ च्या कायद्यानं मालकांची केंद्रीय नोंदवही करायलाच बंदी आहे. आणि एवढं करून माग थांबतो तो पहिल्या गिऱ्हाइकापाशी.

विमानाच्या इंजिनातली टर्बाइन डिस्क (पाती बसवलेली फिरती चकती) बसवताना तिचा कारखान्यापासूनचा अख्खा इतिहास लागतो, किती वेळा इंजिन चालू-बंद झालं त्यासकट. पिस्तुलात कायद्यानं नंबर असतो तो फक्त सांगाड्यावर. माझं म्हणणं सरळ आहे: नोंद, कागद, ठरावीक मुदतीनं फेरतपासणी आणि प्रत्येक घटनेची चौकशी, हे चारही बंदुकीला लावा.

नेमबाज

तुलना चुकीच्या जागी बसवली आहे. विमान उडवणं ही परवान्यानं मिळणारी मुभा आहे. शस्त्र बाळगणं हा तिथे घटनेनं दिलेला हक्क आहे, आणि तो व्यक्तीचा आहे हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं.

दुसरं, नोंदवही कुणाच्या हातात जाते हे आपण तरी विसरू नये. १८७८ चा शस्त्र कायदा व्हाइसरॉय लिटनच्या काळातला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, युरोपियनांना सूट. आज आपल्याकडे परवान्याला यूआयएन (एकमेव ओळख क्रमांक) आहे, २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावरची शस्त्रं तीनवरून दोनवर आली. गावठी कट्टा वापरणाऱ्याला यातलं काय लागू होतं?

तिसरं आणि मुख्य. विमानवाहतुकीची सगळी व्यवस्था चुकीविरुद्ध उभी आहे, हेतूविरुद्ध नाही. २४ मार्च २०१५ ला जर्मनविंग्जच्या सहवैमानिकानं कप्तानाला बाहेर कोंडून ए-३२० विमान डोंगरावर घातलं, १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामाला अपात्र ठरवलं होतं, ती चिठ्ठी त्याच्या घरात फाडलेली सापडली. आजार कळवला तर परवाना जातो, म्हणून लपवला. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. वैद्यकीय फेरतपासणी लावा, तीच माणसं डॉक्टरकडे जायची थांबतील.

एलेरॉन

फेरतपासणीबद्दलचा तुमचा मुद्दा खरा आहे. ती मागणी मी मागे घेतो. पण हेतूपुढे व्यवस्था हतबल असते हे मान्य नाही.

७ डिसेंबर १९८७, पीएसए या विमान कंपनीचं उड्डाण १७७१, लॉस एंजेलिसहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं बीएई-१४६ विमान. कामावरून काढलेल्या कर्मचाऱ्यानं .४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हर आत नेलं, कारण ओळखपत्र दाखवलं की तपासणी चुकत होती. साहेबाला मारलं, वैमानिकांना मारलं, ४३ जण गेले. ते रिव्हॉल्व्हर सहकाऱ्याकडून उसनं आणलेलं होतं. यानंतर कर्मचाऱ्यांनाही तपासणीतून जाणं सक्तीचं झालं. माणसाच्या मनातला हेतू कुणी बदलला नाही, त्याची वाट बंद केली. उसनवारीची वाट मात्र बऱ्याच राज्यांत आजही उघडी आहे.

हँगर नं. ३

हत्यार आणि कॉकपिट एकत्र आल्यावर काय होतं हे यूएस एअरवेजच्या उड्डाण १५३६ वर दिसलं, २२ मार्च २००८, डेन्व्हर ते शार्लट. २००२ च्या कायद्यानं तिथल्या प्रशिक्षित वैमानिकांना पिस्तूल नेता येतं, पण कॉकपिटबाहेर पडताना ते कुलूपबंद करायचं. त्यासाठी तेव्हा होल्स्टरला (पिस्तुलाच्या म्यानाला) भोक होतं, आणि भोकातून ट्रिगरच्या कड्यातून जाणारं कुलूप.

पिस्तूल पूर्ण खाली बसलेलं असेल तर कुलपाचा दांडा ट्रिगरच्या मागे येतो आणि ट्रिगर हलत नाही. थोडं वर राहिलं असेल तर तोच दांडा ट्रिगरच्या पुढे येतो. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मग वैमानिक पिस्तूल नीट बसवायला खाली दाबतो आणि दांडा ट्रिगर ओढतो. उतरायच्या तयारीत हेच झालं. गोळी डाव्या बाजूनं खिडकीखालून बाहेर गेली, विमान सुखरूप उतरलं.

(गोळीच्या भोकानं विमान फुटत नाही. केबिनमधला दाब बाहेरपेक्षा साधारण ८ पीएसआय जास्त असतो आणि एक सेंटिमीटरच्या भोकातून जाणारी हवा पॅक्स (केबिनला हवा पुरवणारी यंत्रं) सहज भरून काढतात. भीती असते ती पॅनेलमागच्या वायरिंगची आणि ऑक्सिजनच्या नळीची.)

नियम सुरक्षिततेसाठीच केला होता. पण त्यानं प्रत्येक फेरीत हत्याराला हात लावायच्या वेळा वाढवल्या.

नेमबाज

म्हणजे दोष होल्स्टरचा. मीही हेच म्हणतो: जास्त नियम, जास्त हाताळणी, जास्त अपघात.

एलेरॉन

दोष होल्स्टरचा हे मान्य. पण तो कळला कारण घटना विमानात झाली. हाच बार घरच्या कपाटासमोर उडाला असता आणि कुणाला लागलं नसतं, तर त्याची नोंद कुठेच झाली नसती. वैमानिक आपली चूक नासाच्या एएसआरएसकडे (हवाई सुरक्षेच्या चुका स्वेच्छेनं कळवायच्या व्यवस्थेकडे) १० दिवसांत कळवतो आणि शिक्षेतून बहुधा वाचतो. १९७६ पासून हे चालू आहे. त्याच वर्षी अमेरिकी संसदेनं ग्राहकवस्तू सुरक्षा आयोगाला बंदुकांकडे पाहायला बंदी केली. टोस्टर परत मागवता येतो, पिस्तूल नाही.

५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या उड्डाण १२८२ चा डोअर प्लग (न वापरलेल्या दाराची जागा बंद करणारा पत्रा) उडाला. दुसऱ्या दिवशी एफएएनं १७१ बोइंग मॅक्स-९ विमानं जमिनीवर आणली. २०१७ मध्ये सिग कंपनीचं पी-३२० पिस्तूल खाली पडल्यावर उडतं हे चाचण्यांत दिसलं, तेव्हा सुधारणा कंपनीनं स्वेच्छेनं देऊ केली. सरकारकडे आदेश द्यायचा अधिकारच नव्हता.

नेमबाज

सदोष हत्याराबाबत सक्तीचा आदेश निघावा याला माझा विरोध नाही. नेमबाजालाच तो सगळ्यात आधी हवा असतो. पण त्यासाठी मालकांची यादी कशाला? सदोष सीरियल नंबर जाहीर करा, ज्याचं त्यानं पाहावं. पी-३२० लाही तसंच केलं, नंबर टाकून तपासायचा आणि पिस्तूल पाठवायचं.

हँगर नं. ३

दुकानातून घेतलेल्याला ते कळलं असेल. तेच पिस्तूल दोन हात बदलून ज्याच्याकडे गेलं, त्याला कोण कळवणार? विमानाचा एडी (सक्तीच्या दुरुस्तीचा आदेश) निघाला की एफएए नोंदवहीतल्या आजच्या मालकाला कळवते, तो कितवा मालक आहे हे बघत नाही.