डीएस-२०१९ मेलवर आला म्हणजे काम संपलं, असं लोकांना सांगू नका

गंगापूररोडकर
दोन दिवसांपासून एक पोस्ट फिरतेय: "अमेरिकेतल्या विद्यापीठात व्हिजिटिंग स्कॉलर म्हणून जाताय? अजिबात टेन्शन घेऊ नका. डीएस-२०१९ मेलवर येतो, मोबाईलमध्ये सेव्ह करा, बाकी सगळं तिकडचं ऑफिस बघतं." (डीएस-२०१९ म्हणजे जे-१ या एक्सचेंज व्हिसासाठी तिकडचं विद्यापीठ देतं तो पात्रतेचा कागद.) खाली धन्यवादांची रांग. आमच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं ती मला पाठवली आणि वर विचारलं, "मग तुम्ही कागदांची फाईल कशाला करायला लावताय?" म्हणून लिहायला बसलो.

मेलवर येतो, खरं आहे. २०२३ पासून डिजिटल सहीची पीडीएफ चालते. पण ती छापायची, त्यावर स्वतःची सही करायची आणि हातातल्या बॅगेत ठेवायची. तिकडच्या इमिग्रेशनच्या रांगेत मोबाईल वापरू नका अशा पाट्या असतात, तिथे पीडीएफ कशी उघडणार? काही जण कागद मोठ्या बॅगेत टाकतात. ती बॅग इमिग्रेशन पार केल्यावरच हातात येते.

आणि छापायच्या आधी तो कागद नीट वाचा. चौथ्या रकान्यात तुमचा वर्ग, म्हणजे कुठल्या प्रकारचे पाहुणे म्हणून जाताय ते, लिहिलेलं असतं. चार महिन्यांसाठी जाणाऱ्याला तिकडचं ऑफिस सवयीनं 'रिसर्च स्कॉलर' टाकून देतं. तो कार्यक्रम एकदा संपला, चार महिन्यांत संपला तरी, पुढचे २४ महिने परत त्या वर्गात किंवा प्रोफेसर वर्गात जाता येत नाही. 'शॉर्ट-टर्म स्कॉलर'ला कमाल ६ महिने मिळतात, मुदतवाढ नाही, पण ही बंदीही नाही. द्राक्षांच्या काढणीनंतरच्या रोगांवर काम करणाऱ्या माझ्या एका मित्राला पुढच्याच हंगामात त्याच प्रयोगशाळेनं परत बोलावलं होतं. जाता आलं नाही. पहिल्या वेळी एक मेल टाकून वर्ग बदलून घेतला असता तर काम झालं असतं, पण हे त्याला सांगणारं कोणी भेटलं नाही. अशा माणसाला "टेन्शन घेऊ नका" म्हणणं हे त्याचं नुकसान करणं आहे.

सिडकोकर
ती पोस्ट माझी आहे. मीच लिहिली आणि मागे घेणार नाही.

सर, तुम्ही शहरातल्या मोठ्या कॉलेजात आहात. मी तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. आमच्याकडे निमंत्रण आलेला माणूस कागदांची यादी बघूनच "राहू द्या" म्हणतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या भीतीवरच एजंटांची दुकानं चालतात. सेव्हिसची (तिकडच्या सरकारची परदेशी विद्यार्थी-स्कॉलरांची नोंदप्रणाली) फी २२० डॉलर, व्हिसाची १८५ डॉलर, दोन्ही स्वतःच भरता येतात, डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्जही स्वतः भरता येतो. तरी 'फाईल बनवून देतो' म्हणून आमच्या एका सहकाऱ्याकडून एजंटानं पगाराएवढे पैसे काढले. माझी पोस्ट त्याच्यासारख्यांसाठी होती. मी स्वतः जाऊन आलो, मला कोणी काही विचारलं नाही.

गंगापूररोडकर
एजंटांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण तुम्ही कशावर गेला होतात?

सिडकोकर
परिषदेला. बी-१ वर, कामानिमित्तच्या छोट्या भेटीच्या व्हिसावर.

गंगापूररोडकर
मग डीएस-२०१९ तुम्ही हातातही घेतलेला नाही! परिषदेला चार दिवस जाऊन येणं वेगळं आणि जे-१ वर सहा महिने प्रयोगशाळेत बसणं वेगळं. त्या अनुभवावर तुम्ही लोकांना सल्ला दिलात.

पंचवटीवाला
मध्येच सांगतो, नवीन माणसांना उपयोग होईल. बोटांचे ठसे आणि मुलाखत बहुतेक वेगवेगळ्या दिवशी असतात, दोन्ही मुंबईत. बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत सकाळची वेळ मिळाली तर नाशिकहून पंचवटी एक्सप्रेसच्या भरवशावर राहू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. वकिलातीत मोबाईल नेता येत नाही. आणि जे-१ व्हिसासाठी २०२५ च्या जूनपासून सोशल मीडियाची खाती पब्लिक ठेवायला सांगतात, तेही आधीच करून ठेवा.

मायक्रोबायोलॉजी_मॅडम
तुम्ही सगळे वर्ग आणि फी यावर बोलताय. बायकांचं काय होतं ते कोणीच बोलत नाही. पासपोर्टवर माझं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव. पीएचडी आणि सगळे शोधनिबंध माहेरच्या आडनावानं. तिकडच्या ऑफिसनं सीव्ही बघून डीएस-२०१९ माहेरच्या नावानं काढला. मुलाखतीची तारीख जवळ आलेली आणि कागद दुरुस्त करून घ्यायला मेलामेली. तिकडच्या बाईंना कळेचना की दोन्ही नावं एकाच माणसाची कशी. विवाह नोंदणीचा दाखला आणि राजपत्रातलं पान, दोन्हींचं भाषांतर पाठवलं तेव्हा कुठे नवीन कागद आला. त्या दिवसांत मी रात्री झोपले नाही.

तपोवन_७
मॅडम, म्हणून लग्नानंतर नाव बदलूच नये. कायद्यानं सक्ती नाही, पासपोर्टलाही नाही. नसती अडचण ओढवून घ्यायची कशाला?

मायक्रोबायोलॉजी_मॅडम
"ओढवून घ्यायची"? माझं लग्न झालं तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. रेशनकार्ड, बँक, मुलाच्या शाळेचा अर्ज, सगळीकडे "मिस्टरांचं नाव लिहा". आज तुम्ही मला कायदा शिकवताय. आधी घरात विचारा, तुमच्या आईचं माहेरचं आडनाव कुठल्या कागदावर राहिलंय.

तपोवन_७
आईपर्यंत जायची गरज नव्हती. मी तुमच्याच बाजूनं बोलत होतो.

जेलरोड_वहिनी
बाजूनं बोलायचं तर "तेव्हा काय त्रास झाला असेल" असं म्हणायचं, "कशाला ओढवून घेतलं" नाही. मी नाव बदललं नाही, तरी सुटका नाही. जे-२ वर, म्हणजे जे-१ वाल्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर, नवऱ्याबरोबर गेले. आडनावं वेगळी म्हणून काउंटरवर विवाहाचा दाखला मागितला, बाजूच्या रांगेतल्या एक-आडनावी जोडप्याला नाही मागितला. बदला तरी त्रास, नका बदलू तरी त्रास. दाखला हाताशी होता म्हणून निभावलं.

मायक्रोबायोलॉजी_मॅडम
वहिनी, हेच म्हणायचं होतं मला.

तपोवन, जरा जास्तच बोलले असेन. पण मुद्दा सोडणार नाही.

गंगापूररोडकर
मॅडमचा मुद्दा माझ्या पोस्टमध्ये हवाच होता. यजमान विद्यापीठाचा फॉर्म भरताना पहिली गोष्ट पासपोर्टचं पान पाठवा आणि स्पष्ट लिहा की डीएस-२०१९ वर नाव पासपोर्टप्रमाणेच पाहिजे. शोधनिबंधावरचं नाव सीव्हीत कंसात द्या. पोचल्यावर आय-९४, म्हणजे तुमच्या प्रवेशाची नोंद, ऑनलाइन काढा आणि तिथेही नाव आणि व्हिसाचा प्रकार तपासा. जे-१ च्या जागी बी-२ (पर्यटक) पडलेलं असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावं लागतं. तिकडचा पगार, सोशल सिक्युरिटी क्रमांक, सगळं पुढे त्यावरच चालतं.

सिडकोकर
बघा, यादी परत वाढली.

गंगापूररोडकर
वाढणारच, कारण ती खरी यादी आहे. कार्यक्रम सुरू व्हायच्या ३० दिवसांआधी देशात प्रवेश नाही. सुरू झाल्यापासून ३० दिवसांत विद्यापीठाच्या ऑफिसात हजेरी लावून सेव्हिसमध्ये नोंद करून घ्यायची, नाहीतर रेकॉर्ड बंद. हे "तिकडचं ऑफिस बघतं" मध्ये येत नाही, तुम्ही त्यांच्या दारात गेलात तरच ते बघतात. आणि फुलब्राइट शिष्यवृत्तीवाल्यांनो, तुम्हाला सरकारी पैसा आहे, म्हणजे दोन वर्षं मायदेशी राहायची अट लागतेच. डिसेंबर २०२४ मध्ये कौशल्ययादीतून (त्या यादीतल्या विषयांच्या लोकांनाही हीच अट लागते) भारताचं नाव निघालं म्हणून सगळे सुटले असं समजू नका. त्या अटीत नोकरीचा एच व्हिसा आणि ग्रीन कार्ड दोन्ही अडकतात.

सिडकोकर
ठीक आहे. वर्गाचं आणि २४ महिन्यांचं मला माहीत नव्हतं, ते पोस्टमध्ये घालतो. परिषदेचा अनुभव आहे हेही लिहितो. पण "टेन्शन घेऊ नका" ही ओळ काढणार नाही. आमच्याकडे माणूस त्या एका ओळीवर अर्ज करायला तयार होतो. आणि विम्याची भीती तरी घालू नका, इथून काढलेली प्रवासी पॉलिसी चालते. आमच्या विभागातल्या एकानं तीच नेली होती.

गंगापूररोडकर
ओळ ठेवा, खाली कागदांची नावं लिहा. विम्याचं मात्र मान्य नाही. जे-१ चे आकडे नियमात लिहिलेले आहेत: दर आजाराला किमान १ लाख डॉलर, पार्थिव मायदेशी आणायला २५,०००, उपचारासाठी हलवायला ५०,०००, आणि स्वतःच्या खिशातली रक्कम दर आजाराला ५०० डॉलरच्या वर नाही. बायको-मुलं जे-२ वर असतील तर त्यांनाही हेच. जाणूनबुजून विमा ठेवला नाही तर विद्यापीठाला कार्यक्रम बंद करावा लागतो.

सिडकोकर
त्याला कोणी काही बोललं नाही.

जेलरोड_वहिनी
दादा, आजारी पडला नाही म्हणून बोललं नाही. माझ्या मुलाला तिकडे दम्याचा झटका आला. इथून नेलेल्या पॉलिसीनं आधीचा आजार म्हणून हात वर केले, बिल आम्ही हप्त्यांनी फेडलं. विद्यापीठाची पॉलिसी महाग वाटली म्हणून नाकारली होती.

सिडकोकर
वहिनी, हे आधी लिहायला हवं होतं तुम्ही. आमच्या विभागातल्या त्या माणसाच्या पॉलिसीची प्रत माझ्याकडे असेल, ते चारही आकडे काढून इथे टाकतो. जुळले तर मात्र तुम्हाला मान्य करावं लागेल, सर.

गंगापूररोडकर
जुळले तर करीन. आधीच्या आजाराचं कलमही टाका.