परदेशातून दिसणारा इराण कितपत खरा?

टोरांटोकर
टोरांटोत मी राहतो त्या यंग स्ट्रीटच्या भागाला इराणी वस्तीमुळे गमतीनं 'तेहरांटो' म्हणतात. कोपऱ्यावरच्या बेकरीत बार्बरी नान घ्यायला जातो. मालक सत्तरी ओलांडलेले, शहाची राजवट उलथवणाऱ्या १९७९ च्या क्रांतीनंतर तेहरान सोडलेले. पहिल्या दिवशी पैसे पुढे केले तर छातीवर हात ठेवून म्हणाले, "काबिल नदारे." म्हणजे, तुमच्यापुढे याची काय किंमत! मी येडा, आभार मानून निघालो. मागून हाक आली तेव्हा कळलं की हा तारोफ. आपलं 'राहू द्या हो'च, फक्त दोन-तीनदा आग्रह करून पैसे द्यायचेच असतात.

राजकारण निघालं की मात्र आडपडदा संपतो. "शहाच्या काळी डॉलर सात तोमानला होता" हे आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. त्याच शहाच्या सावाकचं, म्हणजे गुप्त पोलिसांचं नाव काढा, लगेच त्यांना भट्टी आठवते. मला वाटतं, देश सोडलेल्या माणसाचं घड्याळ सोडल्या दिवशीच थांबतं. (आपले न्यू जर्सीचे काका आठवा. त्यांच्या दादरला अजून गिरणीचा भोंगा वाजतो.) आणि आपण इराण वाचतो तो बहुतेक अशाच लोकांच्या आठवणींतून. हिजाब, तुरुंग, पलायन. २००० नंतर तिथल्या विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या मुली मुलांपेक्षा जास्त झाल्या, हे त्यात कुठे येतं?

कावेरी
साफ असहमत. मुली शिकल्या, बरोबर. पण लग्न झालेल्या बाईला पासपोर्ट काढायला नवऱ्याची परवानगी लागते, हे तुम्ही सोयीनं गाळलंत. शिरीन एबादी न्यायाधीश होत्या. क्रांतीनंतर बायकांना न्यायदानातून काढलं आणि ज्या कोर्टात त्या निवाडे देत तिथेच त्यांना कारकुनी करायला बसवलं. २००३ चं नोबेल मिळालेली ही बाई २००९ पासून देशाबाहेर आहे. मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या नर्गिस मोहम्मदी देशातच राहिल्या. २०२३ चं नोबेल जाहीर झालं तेव्हा त्या एविन तुरुंगात होत्या, पारितोषिक मुलांनी घेतलं. आत राहून लिहायचं तर किंमत ही. मग बाहेरच्यांनीही गप्प बसायचं?

गिरगावचा भाऊ
दोघांच्याही गोष्टी १९७९ पासूनच सुरू होतात, याचीच गंमत वाटते. तेलाचं राष्ट्रीयीकरण करणाऱ्या पंतप्रधान मोसद्देगना १९५३ मध्ये अमेरिकन आणि ब्रिटिश हेरखात्यांनी मिळून उलथवलं, ते कुठे गेलं? आणि सक्ती काय मुल्लांनीच केली? १९३६ मध्ये रझा शहानं, म्हणजे या शेवटच्या शहाच्या बापानं, पडद्यावर बंदी घातली तेव्हा पोलीस रस्त्यात बायकांच्या अंगावरची चादोर ओढत होते. कित्येकींनी घराबाहेर पडणंच सोडलं.

आणि कावेरीताई, परदेशातून बोलणाऱ्यांचा एवढा कैवार घेताय, तर सगळ्यात यशस्वी नमुना विसरू नका. क्रांतीचे नेते खोमेनी १९७८ मध्ये पॅरिसजवळच्या एका खेड्यात बसून भाषणं करत होते, कॅसेटी इराणभर फिरत होत्या. १ फेब्रुवारी १९७९ ला एअर फ्रान्सच्या विमानानं परतले. बाहेरून देश कसा छान स्वच्छ दिसतो!

कावेरी
भाऊ, हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. कॅसेट पॅरिसहून आली, पण तिच्या प्रती काढून हातोहात फिरवल्या त्या आतल्या लोकांनी. १९३६ चं मान्य. म्हणून आजची सक्ती हलकी होत नाही. २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेल्या बावीस वर्षांच्या महसा अमिनीचा पोलीस कोठडीत असताना मृत्यू झाला. तिच्या दफनाला तिच्या गावी, सक्केझमध्ये बायकांनी डोक्यावरचे रुमाल काढले. 'जिन, जियान, आझादी' (स्त्री, जीवन, स्वातंत्र्य) ही घोषणा कुर्दी आहे, लॉस एंजेलिसच्या इराण्यांनी पाठवलेली नाही. बाहेरच्यांनी ती फक्त मोठ्यानं म्हटली.

सदाशिवपेठी
थोडं अवांतर. पुण्यात कॉलेजात असताना शिराझचा एक मुलगा माझा रूम पार्टनर होता. डिसेंबरातल्या यल्दाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री मंडईतून डाळिंबं आणायचा आणि हाफिज या फारसी कवीची पोथी डोळे मिटून उघडून आमचं भविष्य सांगायचा. फारसीतून आलेल्या आमच्या 'हफ्ता', 'दरवाजा', 'शाबास'वर खूश. सरकारबद्दल विचारलं की आधी खिडकी लावायचा, मग हाफिजचा एखादा शेर म्हणायचा. शेर कळायचा नाही, खिडकी कळायची.

आता तो जर्मनीत असतो. फेसबुकवर रोज सरकारविरुद्ध लिहितो, नको इतकं लिहितो. चार वर्षांपूर्वी आई गेली, तिचं दफन फोनवर पाहिलं. परत गेला तर विमानतळावरच उचलतील, म्हणाला. टोरांटोकर, याचं घड्याळ थांबलंय असं मला तरी म्हणवत नाही.

टोरांटोकर
तुमच्या मित्राबद्दल मागे घेतो. बेकरीवाल्यांबद्दल नाही. काल मुद्दाम विचारलं, सावाकनं तुमच्या ओळखीत कुणाला उचललं होतं का? बराच वेळ पीठ मळत राहिले. "धाकटा भाऊ," एवढंच म्हणाले. पुढे मी विचारलं नाही. मग नेहमीसारखं "काबिल नदारे", आणि दोनदा आग्रह केल्यावर पैसे घेतले.

कावेरी
तिसऱ्यांदा विचारायचं होतं. तारोफ तुम्हीच समजावलात ना?