बॅडमिंटन: स्टीप स्मॅश थेट पायाशी उतरतो, परतवायचा कसा?

प्रश्न
आम्ही डबल्स खेळतो. समोरच्या जोडीतला एक जण चांगला उंच आहे, उडी मारून स्मॅश ठोकतो. सपाट येणारे स्मॅश मी आरामात परतवते. याचं शटल मात्र नेट ओलांडलं की सरळ नडगीपाशी उतरतं. जरा जास्त वेळ मिळावा म्हणून मागे सरकून उभी राहते, रॅकेट घट्ट धरते, तरी फ्रेमला लागतं नाहीतर पायाशी पडतं. काल असे सलग पाच पॉइंट गेले. काय चुकतंय?

उत्तर
मागे सरकणंच चुकतंय. मीही दोन वर्षं हेच करत होतो. स्टीप, म्हणजे तीव्र कोनात खाली येणारा स्मॅश आखूड पडतो, त्यामुळे जितकं मागे जाल तितकं शटल खाली गेल्यावर भेटणार. अर्धं पाऊल पुढे या, तेच मांडीच्या उंचीवर सापडेल. भीती वाटते, मान्य. पण आपला डबल्स खेळाडू सात्विकसाईराज रंकीरेड्डीचा 2023 मधला ताशी 565 किमीच्या स्मॅशचा विक्रमसुद्धा रॅकेटवरून सुटतानाच्या वेगाचा आहे. पिसांना हवा अडवते, तुमच्यापर्यंत येईतो जोर बराच ओसरलेला असतो.

आणि मूठ सोडा! अंगठा ग्रिपच्या रुंद बाजूवर टेकलेला, बाकीची बोटं इतकी सैल की कुणी ओढली तर रॅकेट हातातून निघून यावी. कोपर पोटाच्या पुढे. शटल लागतानाच बोटं आवळायची. ब्लॉकला, म्हणजे शटल नुसतं अडवून नेटजवळ टाकायला, तेवढंही नको, रॅकेट नुसती आडवी धरा.

उत्तर
पटलं. पण तो उडी मारतोय कुठून? कोर्टाच्या मधूनच ना? म्हणजे तुमची लिफ्ट (खालून उंच, मागपर्यंत टाकलेला फटका) आखूड पडतेय. शेवटच्या रेषेजवळून तेवढा कोन मिळत नाही, हट्टाने मारला तर नेटमध्ये जातो. आधी लिफ्ट सुधारा.

प्रश्न विचारणारी
लिफ्टचं खरंय, दमल्यावर तर फारच आखूड जाते. आज पुढे उभी राहिले. पहिले दोन स्मॅश हुकले, तिसरा ब्लॉक झाला आणि शटल नेटला लागूनच पलीकडे उतरलं! इतका आनंद झाला! आता उजव्या कमरेवर आलेलं तेवढं अडकतं. तेही बॅकहँडनेच घ्यायचं?

उत्तर
हो, बॅकहँडनेच. कोपर वर उचला आणि अंग किंचित डावीकडे झुकवा, रॅकेटला जागा होते.