नदीकाठची भिंत: सांगलीनं एकटीनं बांधायची की सगळ्यांनी मिळून ठरवायचं?

कृष्णाकाठ
पुराचा विषय निघाला की काठाला भिंत बांधा हे ठरलेलं. माझं मत, महापालिकेनं एकटीनं बांधूच नये. 2019 ला आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटावर गेलेलं, धोक्याची पातळी 45, म्हणजे केवढं पाणी पात्राबाहेर पसरलं असेल बघा, ते आपल्या बाजूला अडवलं तर समोरच्या काठाला नाहीतर खाली हरिपुरात, शिरोळ तालुक्यात चढणार. महापालिका, नदीकाठच्या ग्रामपंचायती, सांगली-कोल्हापूर दोन्ही जिल्हा परिषदा यांनी एकच नकाशा करावा आणि कुठं अडवायचं, कुठं पसरू द्यायचं हे लेखी ठरवावं.

गावभाग_कट्टा
नाही पटत. 40 ची इशारा पातळी यायच्या आधीच सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगरातली माणसं पोराबाळांसकट घर सोडतात, त्यांनी दोन जिल्ह्यांचं एकमत व्हायची वाट बघत बसायचं का? नदी जलसंपदा खात्याच्या हातात, पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणारी निळी रेषा लाल रेषा तेच आखणार, ग्रामपंचायतीला त्यात अधिकार काय? शहराला जमतंय ते शहरानं करावं.

हरिपूरकर
शहराला जमतंय ते म्हणजे आमच्या अंगावर पाणी ढकलणं व्हय? कृष्णा-वारणेचा संगम आमच्या दारात हाय. 2005 च्या पुरात आमची हळदीची पेवं गेली. वर तोंड अरुंद, खाली पोट मोठं, असं जमिनीतलं कोठार, त्यात पाणी शिरलं की हळद तर कुजतीच पण पेवच आतनं ढासळतं. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली पेवं मातीत गेली. आणि शहराकडनं अजून पूरपट्ट्यात डंपरनं मुरूम टाकून प्लॉट पाडणं चालूच.

गुहागरचा_जावई
कोकणात समुद्राचं हेच आहे. वाळू किनाऱ्यानं सरकत असते, एका गावानं धूपप्रतिबंधक बंधारा घातला की बंधारा संपतो तिथनं पुढच्या गावाची पुळण खचायला लागते. इंग्लंड-वेल्समध्ये म्हणून किनाऱ्याचे 22 आराखडे केलेत, ते पालिकांच्या हद्दीनं नाही, तर वाळू कुठनं कुठं जाते ते बघून, आणि त्या पट्ट्यातल्या पालिका एकत्र बसतात. प्रत्येक तुकड्यापुढं लिहिलेलं असतं, आहे ती रेषा राखायची, पुढं न्यायची, मागं घ्यायची की हात लावायचा नाही.

गावभाग_कट्टा
दादा, मागं घ्यायची म्हणजे कुणाचं तरी घर उठवायचं ना? तिकडं इंग्लंडात समुद्रात घर गेलं तर भरपाईचा हक्क नाही, हे पण सांगा की. इथं कर्नाळ रोडच्या माणसाचं कर्ज फिटलेलं नाही अजून. आणि खाली कर्नाटकात कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची पाणीपातळी 519.6 वरनं 524.256 मीटरवर न्यायचं चाललंय त्यावर आपली ही बैठक काय करणार?

कृष्णाकाठ
घरांचं तुमचं खरं आहे, पुनर्वसनाची जागा आणि पैसा ठरल्याशिवाय नकाशावर रेघ मारू नये. पण अलमट्टीकडं बोट दाखवून इथला भराव कसा झाकणार? अहो, ओढे-नाले बुजवले ते कर्नाटकानं नाही, शामरावनगरात पावसाचं पाणी महिना महिना हलत नाही ते बघा. परवानगी शहरात नाकारली की माणूस शेजारच्या हद्दीत जाऊन भराव टाकतो, म्हणूनच सगळ्यांचा नियम एक पाहिजे.

हरिपूरकर
एक नियम चालंल. पण आधी शहरानं टाकलेला मुरूम उचलावा, मग बोलवा बैठकीला, गाव येतंय.