टॉवर पाऊस मोजणार म्हणे!

खानापूरकर: काल इथं एकानं लिहिलं, "पर्जन्यमापक भंगारात घाला, आता मोबाईलचे टॉवरच पाऊस मोजतील." डोकं फिरलं. एका टॉवरवरनं दुसऱ्यावर मायक्रोवेव्ह लहर जाते, वाटेत पाऊस लागला की सिग्नल घटतो, एवढंच ते. १५ गिगाहर्ट्झच्या लहरीचा सिग्नल ताशी १० मिमी पावसात किलोमीटरमागं घटतो जेमतेम अर्धा डेसिबल. त्यात अँटेना नुसती भिजली तरी सिग्नल पडतो, म्हणजे न पडलेला पाऊसही जमेला! वर मिळते ती दोन टॉवरांमधली सरासरी. तिकडं घाटात कणकुंबीला आभाळ फाटतं तेव्हा खानापुरात छत्री उघडू की नको, अशी गत. सरासरी कुणाच्या कामाची?

टॉवरवाला: 'भंगारात' हा शब्द मागं घेतो, झालं समाधान? पण इस्रायलमध्ये हे २००६ सालीच करून दाखवलंय. नेदरलँड्समध्ये २०१३ साली सुमारे २,४०० लिंकवरनं, म्हणजे टॉवर-टॉवरमधल्या अशा जोडण्यांवरनं, देशभराच्या पावसाचे नकाशे निघाले. सिग्नलची नोंद कंपनीकडं आधीच असते, नवं यंत्र नको. तुमच्या पर्जन्यमापकाचं तोंड वीतभर, आणि पाऊस सांगणार अख्ख्या होबळीचा, म्हणजे गावांच्या गटाचा!

खानापूरकर: नेदरलँड्स म्हणजे पोळपाट. इथं घाट हाय. आणि कोरडा बर्फ पडला तर लिंकला पत्ताही लागत नाही म्हणे.

टॉवरवाला: जांबोटीत बर्फ कधी पडला ओ?

अथणीचा ऊसवाला: पाऊस मोजायच्या आधी रेंज द्या! वळीव आला की आमचा फोन मुका. ऊसतोडीच्या मुकादमाला निरोप द्यायला मी गाडी काढून चार मैल गेलोय.

टॉवरवाला: फोनच्या लहरी वेगळ्या, त्यांना पावसाचं फारसं काही नसतं. लाईट जाते, टॉवरची बॅटरी संपते.

अथणीचा ऊसवाला: म्हणजे चूक माझ्या फोनची न्हवं. बरं वाटलं ऐकून. रेंज कधी येणार ते सांगा.

खानापूरकर: आणि जोराच्या पावसात लिंकच तुटते ते का नाही सांगत? पूर यायचा त्याच रात्री नोंद कोरी!

निपाणीची सून: भाऊ, पर्जन्यमापकाचा एवढा पुळका नको. आमच्या गावातला फणसाखाली बसवलेला. सासऱ्यांनी फोटो काढला, नरसाळ्यात दोन पानं चिकटलेली, वर मुंगळे. शेतात गुडघाभर पाणी, कागदावर रिमझिम. विम्याचा एक पैसा आला नाही. ही लिंक असती तर निदान कुणीतरी विचारलं असतं, शेजारी एवढा पाऊस आणि इथंच कसा नाही?

अथणीचा ऊसवाला: विमा! त्यावर वेगळा धागा काढा, माझ्याकडं फाईलच हाय.

खानापूरकर: वहिनी, फणसाखाली कुणी बसवला त्याला धरा, यंत्राला नको. बरं, दोन्ही आकडे शेजारी ठेवून ताडून बघा, माझी ना नाही. पण कंपन्या नोंदी देणार का? की त्याचंही रिचार्ज मारायचं?

टॉवरवाला: ते मात्र खरंय. अजून मागायला कोण गेल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

अथणीचा ऊसवाला: मागायला फोन करशील, तर रेंज बघून कर.